शाळेचे कारभारी

बोरघाट उतरून येणारा पुण्याकडचा रस्ता आणि खाडीतून मुंबईकडे जाणारा जलमार्ग यांच्या सांध्यावर वसलेल्या पनवेलास १८५२ साली, म्हणजे मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते उभे राहण्यापूर्वी तीन वर्षे, नगरपालिका मिळाली. आणि पुढे १६४ वर्षांनी, १ ऑक्टोबर २०१६ रोजी, खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोच्या वसाहती व २९ गावे पोटात घेऊन त्याच नगरपालिकेची महानगरपालिका झाली. या प्रदीर्घ कालखंडात येथील दिवाबत्ती, नळ, बाजार आणि रस्ते यांचा कारभार कोणी पाहावा हा प्रश्न वरचेवर निघाला व वरचेवर सुटलाही. परंतु शाळेचा कारभार कोणी पाहावा, म्हणजे गुरुजी वर्गात शिकवीत असता त्या वर्गाच्या भिंती, हजेरी, पैसा आणि पोरांच्या पोटाचा घास यांविषयी विचारण्याचा अखत्यार कोणास असावा, या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक पिढीने निराळे दिले आहे. ती उत्तरे क्रमाने पाहिल्याशिवाय आजच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती नेमके काय आले आहे, हे नीट उमगत नाही.

पहिला अधिकार दात्याचा होता. ज्याने जागा दिली, इमारत बांधून दिली किंवा गुरुजींच्या वेतनास हातभार लावला, त्याच्या शब्दाला शाळेत वजन असे, आणि त्यात गैर असे काही कोणास वाटत नसे. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केल्यावर दात्यांच्या या मंडळींस संस्थांचे रूप येऊ लागले. पुण्यात १८८४ साली स्थापन झालेली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि कऱ्हाडजवळच्या काले या गावी १९१९ साली भाऊराव पाटलांनी सुरू केलेली रयत शिक्षण संस्था या त्या परंपरेच्या दोन अगदी भिन्न शाखा होत. पहिलीचा कणा आजीव सदस्यांचा त्याग हा, तर दुसरीचा कणा खेड्यापाड्यांतल्या कुळवाड्यांनी मूठमूठ धान्याने दिलेला आधार हा. रयतचे महात्मा फुले महाविद्यालय पनवेलात आहे, आणि घाटावरचे ते रोप खाडीच्या काठी रुजलेले पाहून आनंद होतो. परंतु दाता उदार असला तरी त्याचे मूल बहुधा त्या शाळेत नसते, आणि ज्याचे मूल त्या शाळेत असते त्यास दात्यापुढे तोंड उघडण्याचा धीर नसतो; खाजगी व्यवस्थेतली ही उणीव दात्याच्या सद्‌गुणांनी झाकली जाते, भरून निघत नाही.

दुसरा अधिकार पट्टी भरणाराचा. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा वसूल करण्याची प्रथा पडली, १८६९ च्या कायद्याने तिला कायद्याचे पाठबळ मिळाले, आणि या ‘लोकल फंडा’चा तिसरा हिस्सा खेड्यांतल्या शाळांकडे वळविला जाऊ लागला. आज आपण ज्यास जिल्हा परिषदेची शाळा म्हणतो तिचे मूळ या आण्यात आहे. पण येथे एक मोठा अन्याय लपलेला होता, आणि तो महात्मा जोतिराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात स्पष्ट शब्दांत मांडला: सरकारचा वसूल शेतकऱ्याच्या घामातून यावयाचा आणि त्यातून मिळणाऱ्या विद्येचा लाभ मात्र वरच्या वर्गांनी घ्यावयाचा, ही रीत न्यायाची नव्हे; निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असा त्यांचा आग्रह होता. कोलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातल्या भातशेतीवर राबणाऱ्या आगरी कुटुंबाने किंवा रानात राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांनी आपल्या गावच्या शाळेच्या दप्तरात डोकावावे, असा विचारही त्या काळच्या व्यवस्थेत कोठे नव्हता.

तिसरा अधिकार निवडून आलेल्यांचा. १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. १९२३ च्या कायद्याने स्कूल बोर्डे निर्माण झाली, १९४७ च्या कायद्याने त्यांची पुनर्रचना झाली, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामास लागल्यावर ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचा कारभार त्यांच्या शिक्षण समितीकडे गेला. या पाऊणशे वर्षांच्या वाटचालीस मी कमी लेखीत नाही. लोकांनी निवडलेल्या माणसाने शाळेसाठी तरतूद करावी आणि त्या तरतुदीचा जाब लोकांना द्यावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. तथापि अलिबागेस बसलेल्या समितीला कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरील शाळेचे कौल फुटल्याचे कळावयाचे ते पावसाळा संपल्यावर, आणि कळल्यावर मंजुरी यावयाची ती पुढच्या पावसाळ्यात.

चौथा अधिकार पालकाचा, आणि तोच या प्रकरणाचा विषय. संविधानाच्या ८६ व्या दुरुस्तीने २००२ साली सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरला. त्या हक्कास व्यवहारात आणणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. आणि त्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या व अनुदानित शाळेत एक समिती असावी, तिच्यातले निदान तीन चतुर्थांश सभासद त्या शाळेतील मुलांचे आईबाप किंवा पालक असावेत, दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी जूनमध्ये काढलेल्या निर्णयाप्रमाणे ही समिती साधारणतः १२ ते १६ जणांची असते. पालकांची निवड पालकसभेत होते. उरलेल्या चतुर्थांशात स्थानिक प्राधिकरणाचा एक प्रतिनिधी, एक शिक्षक आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ असतो. अध्यक्ष व उपाध्यक्ष पालकांतूनच निवडावे लागतात. मुख्याध्यापक हा पदसिद्ध सचिव असतो. दोन विद्यार्थी मताधिकाराविना बैठकीस बसतात आणि त्यांत निदान एक मुलगी असते. समितीची मुदत दोन वर्षांची, व बैठक महिन्यातून निदान एकदा.

या तरतुदीतला खरा पालट कोणता, तर येथे अधिकाराचा आधार सातबारा नव्हे, पट्टीची पावती नव्हे, देणगीचा आकडा नव्हे, मतदारयादीही नव्हे. आपले मूल या शाळेच्या पटावर आहे, एवढीच एक पात्रता. पनवेलसारख्या ठिकाणी तिला फार मोठा अर्थ आहे. सिडकोच्या स्थापनेनंतर, म्हणजे १९७० पासून, या भागातल्या शेतजमिनी टप्प्याटप्प्याने शहराखाली गेल्या. नव्या विमानतळासाठी उलवे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, वाघिवली अशी दहा गावठाणे उठली. ज्यांच्या नावावर जमीन होती ते प्रकल्पग्रस्त झाले आणि ज्यांच्या नावावर कधीच काही नव्हते असे बांधकामावरचे मजूर, गोदामांतले हमाल, घरकाम करणाऱ्या स्त्रिया परजिल्ह्यांतून व परप्रांतांतून येऊन येथे भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. यांपैकी एखाद्या बाईला येथे बहुधा मत नाही, सोसायटीच्या सभेत जागा नाही, राहत्या खोलीचा करारनामाही बहुधा तिच्या नावे नाही. परंतु तिची मुलगी महापालिकेच्या शाळेत दुसरीत असेल, तर त्या शाळेच्या खर्चाचा हिशेब मागण्याचा आणि समितीची अध्यक्ष होण्याचाही तिचा हक्क कायद्याने निर्विवाद आहे. या तालुक्यात तिला मिळालेले हे कदाचित पहिलेच सार्वजनिक पद होय.

या हक्काचे स्वरूप नीट कळावे म्हणून विलायतेकडे क्षणभर पाहणे उपयोगाचे होईल. इंग्लंडात शाळांवर नियामक मंडळ नेमण्याची चाल जुनी आहे, पण तेथेही पालकांना त्या मंडळात निवडून जाण्याचा हक्क मिळाला तो अगदी अलीकडे: टेलर समितीने १९७७ च्या अहवालात स्थानिक प्राधिकरण, शिक्षकवर्ग, पालक आणि परिसरातील नागरिक यांना मंडळात समान वाटा द्यावा अशी शिफारस केली, आणि १९८० च्या कायद्याने पालक-प्रतिनिधींची तरतूद केली, पुढे १९८८ च्या कायद्याने शाळेच्या अंदाजपत्रकाचा मोठा भाग व नेमणुकांविषयीचे बरेच अधिकार त्या मंडळांकडे गेले. आमच्या समितीस शिक्षक नेमता येत नाही, त्याची बदली करता येत नाही, त्याच्या वेतनास हात लावता येत नाही. कित्येक जण यावरून तिला नामधारी ठरवितात. मला तसे वाटत नाही. नेमणुकीचा अधिकार नसला तरी पाहण्याचा, विचारण्याचा, लिहून ठेवण्याचा आणि लिहिलेले वर पाठविण्याचा अधिकार ज्याच्यापाशी आहे, तो मनावर घेईल तर पुष्कळ काही करू शकतो. अडचण असते ती मनावर घेण्याची आणि कागद वाचता येण्याची.

कागद वाचणे म्हणजे काय, हे शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीवरून दाखविता येईल. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ, असे प्रमाण ठरलेले आहे. समजा, वाडीवरील शाळेचा पट ४२ आहे, सगळी मुले पाचवीच्या आतली आहेत, आणि आज हजेरीपटावर ३६ मुले हजर मांडलेली आहेत; तर आज शिजावयाचा तांदूळ ३ किलो ६०० ग्रॅम. साठा नोंदवहीत आजच्या तारखेस ४ किलो २०० ग्रॅम खर्ची टाकलेला दिसला, तर तो पटाप्रमाणे मांडलेला आहे, हजेरीप्रमाणे नव्हे. फरक दिवसाला ६०० ग्रॅमचा, आणि महिन्यात शाळा वीस दिवस भरली तर बारा किलोंचा. पहिल्याच बैठकीत येथे चोरीचा आळ घेणे हा मूर्खपणा ठरेल, कारण गोणीत तांदूळ मुळातच कमी भरत असेल, काही मुले दुसऱ्यांदा वाढून घेत असतील, किंवा एकट्या शिक्षकाने दोन वर्ग सांभाळीत घाईघाईने नोंद केली असेल. परंतु ही वजाबाकी करणारी एक आई समितीत आहे एवढे कळले की नोंदी आपोआप नीट होऊ लागतात. या वजाबाकीस शालान्त परीक्षा लागत नाही. आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई ती तोंडी करते. मुलांना वाढण्यापूर्वी अन्नाची चव पालकाने घ्यावी व चव नोंदवहीत सही करावी, अशीही पद्धत आहे. ती सही महिनाअखेरीस एकदम वीस ओळींत उमटत असेल, तर त्या वहीचे काय झाले हे निराळे सांगावयास नको.

पैशाचेही असेच आहे. समग्र शिक्षा योजनेखाली शाळेला पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान मिळते. ३१ ते १०० पटाच्या शाळेसाठी त्याची मर्यादा वर्षाला २५,००० रुपयांची असून त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करावयाचा असतो. समितीचे बँक खाते अध्यक्ष व मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने चालते. ही दुसरी सही कायद्याने मोठ्या विश्वासाने पालकाच्या हाती ठेवली आहे. कोऱ्या धनादेशावर आगाऊ सह्या करून ठेवणारा अध्यक्ष मुख्याध्यापकावर विश्वास दाखवितो असे नव्हे. तो त्यासही संकटात टाकतो, कारण पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर त्या बिचाऱ्यास एकट्यानेच उत्तर द्यावे लागते. खरेदीपूर्वी ठराव, ठरावावर सूचक व अनुमोदक यांची नावे, खरेदीनंतर पावती, आणि पुढच्या बैठकीत जमाखर्चाचे वाचन, हा क्रम ज्या शाळेने पाळला तेथे शिक्षक आणि पालक या दोघांचीही झोप शांत असते.

सगळ्यांत महत्त्वाचे आणि बहुधा सगळ्यांत उपेक्षिलेले काम म्हणजे शाळा विकास आराखडा. कायद्याच्या २२ व्या कलमान्वये तो समितीने करावयाचा असतो. तीन वर्षांचा आराखडा आणि त्याच्या पोटात प्रत्येक वर्षाची उपयोजना. त्यात इयत्तावार पटाचा अंदाज, लागणारे शिक्षक, इमारत व साहित्य यांची निकड आणि त्यासाठी लागणारा पैसा. पुष्कळ शाळांत हा आराखडा मागील वर्षाच्या कागदावरून उतरून काढतात व अध्यक्षाची सही घेऊन केंद्रप्रमुखाकडे धाडतात. याचा परिणाम काय होतो तो पाहावा. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून ९० पर्यंत तीन, असे कायद्याच्या अनुसूचीतले प्रमाण आहे. म्हणजे पट ६० आहे की ६१ आहे, यावर एक शिक्षक येणे वा न येणे अवलंबून. आता पनवेल तालुक्यातली लोकवस्ती ध्यानात आणावी: गावाबाहेर नवी इमारत उभी राहू लागली की तिच्या बाजूस मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या पडतात, दोन वर्षांत इमारत पुरी होते व खोल्या उठतात; प्रकल्पासाठी गावठाण हलले की वडघर-करंजाड्याकडच्या शाळांत अकस्मात मुले वाढतात. हे अंदाज कार्यालयात बसलेला कारकून करू शकत नाही. कोणत्या चाळीत किती नवी बिऱ्हाडे आली, कोणत्या बांधकामावर किती पोरे वाळूच्या ढिगावर खेळत असतात, हे रोज पाहणारा पालकच तो आकडा सांगू शकतो, आणि त्याने तो आराखड्यात घातला तर शिक्षकाची मागणी कागदावर वेळेत उभी राहते.

इमारतीच्या दुरुस्तीचेही वेळापत्रक कोकणात निसर्गाने आखून दिलेले आहे. शाळा जूनच्या मध्यास उघडते आणि पाऊस त्याच सुमारास कोसळू लागतो. छपराची दुरुस्ती वैशाखात व्हावयाची तर अंदाजपत्रक माघात, आणि अंदाजपत्रक माघात व्हावयाचे तर समितीचा ठराव दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत व्हावयास हवा. ‘छप्पर गळते, दुरुस्ती व्हावी’ एवढ्या ठरावाने पंचायत समितीच्या दप्तरात काही हालत नाही. कोणत्या खोलीचे, किती चौरस फूट, पत्रा की कौल, वासा कुजला आहे की नुसते कौल फुटले आहे, मुले हल्ली कोठे बसतात, हे सारे लिहून, छायाचित्र जोडून आणि आवक क्रमांकासह पोच घेऊन दिलेला अर्ज निराळा. पोच न घेता दिलेला अर्ज दिलाच नव्हता असे समजावे.

समितीने काय करू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. अध्यापन हे शिक्षकाचे क्षेत्र आहे. वर्ग चालू असता दारात उभे राहून गुरुजींना प्रश्न विचारणे, धडा कोणता घ्यावा हे सांगणे, गावकीतल्या भांडणाचा वचपा शिक्षकावर काढणे किंवा त्याच्या जातीगोतीवरून तट पाडणे, ही देखरेख नव्हे, उपद्रव होय. आणि अशा उपद्रवामुळे चांगले शिक्षक गाव सोडून गेल्याची उदाहरणे कोणत्याही तालुक्यात सापडतील. शिक्षक वारंवार गैरहजर राहत असेल, मुलांना मारीत असेल (शारीरिक शिक्षेस कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे), तर समितीने तारीखवार नोंद करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे ठराव पाठवावा. उलट, जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामास शिक्षकाला जुंपू नये असे २७ वे कलम सांगते. तेव्हा गुरुजींना भलत्याच कामास लावल्याने वर्ग ओस पडत असतील, तर त्याविरुद्ध लिहिणे हेही समितीचेच कर्तव्य. शिक्षकास जाब विचारणाऱ्या समितीने शिक्षकाची ढाल होण्याचीही तयारी ठेवावी.

अनुदानित खाजगी शाळांत मात्र, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, समितीचे काम केवळ सल्ल्याचे आहे. अल्पसंख्याकांच्या शाळांतही तसेच. तेथे कारभार संस्थेच्या विश्वस्तांचा आणि शालेय समितीचा. या शाळांत शिकणारी मुले बहुतांशी सामान्य घरांचीच असता त्यांच्या पालकांचा शब्द केवळ सल्ला का ठरावा, हे मला उमगलेले नाही.

आता या तालुक्यातल्या ज्या मुलांसाठी ही समिती सर्वांत अधिक उपयोगी पडू शकते, त्यांच्याविषयी. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस जवळ आला की वाडीवर परततात. म्हणजे शाळेच्या वर्षाचा उत्तरार्ध मुलाच्या आयुष्यातून दर वर्षी गळून पडतो. अशा मुलांसाठी कायद्यात पुष्कळ काही आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सत्र सुरू झाल्यानंतर आलेल्या मुलासही घ्यावेच लागते. वयानुरूप वर्गात बसवून मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. दाखल्याची वाट पाहत मुलाला दाराबाहेर ठेवता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलास जेथे जाईल तेथील शाळेत बसता यावे म्हणून महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे, आणि बीडसारख्या ऊसतोडणी कामगारांच्या जिल्ह्यांत व्यवस्थापन समित्यांनी हंगामी वसतिगृहे चालवून मुलांना गावातच ठेवले आहे. परंतु कार्ड देण्यासाठी कुटुंब निघण्याची तारीख आधी कळावी लागते, आणि ती मुख्याध्यापकास सहसा कळत नाही. मुकादमाने उचल दिली, गाडी ठरली, ही बातमी वाडीतल्या बायकांना आठ दिवस अगोदर असते. त्या बायकांपैकी दोघी समितीत असतील आणि भाऊबीज होताच त्यांनी गुरुजींच्या हाती नावांची यादी दिली, तर कार्डे वेळेवर तयार होतात. वसतिगृहासाठी अर्ज करावयाचा तर त्यालाही हीच यादी लागते.

त्या दोघी समितीत याव्यात यासाठी बैठकीची वेळ बदलली पाहिजे. सकाळी अकरा वाजता भरणारी बैठक ही रोजंदारीवर जाणाऱ्या आईसाठी एका दिवसाच्या मजुरीची किंमत असते, आणि ती किंमत दर महिन्यास मोजणे तिला शक्य नाही. मग तिच्या नावापुढे नुसता अंगठा उमटतो, किंवा तिच्या ऐवजी तिचा नवरा येऊन बसतो. बैठक रविवारी सकाळी किंवा कामावरून परतल्यावर सायंकाळी घ्यावी, नोटीस निदान आठवडाभर आधी मुलांच्या हाती घरी पोचवावी, इतिवृत्त बैठकीतच लिहून तेथेच मोठ्याने वाचावे, आणि सही किंवा अंगठा वाचन संपल्यानंतर घ्यावा, आधी नव्हे.